एक्केचाळीस कामांची यादी

१२ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तरी मागे शिडं शिवायच्या मशीनचा असा धडधडाट चालू असतो की मी काय बोलले ते मलाच कळत नाही. शिवाय आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत कुजबुजलं तरी दुसरीतून "काय गं?" येतं. म्हणून पत्र. वाचून झालं की फाडून टाका.

तुमच्या दादांनी बोट घेतली.

हसू नका. खरीखुरी, शिडाची, तेहतीस फुटी आणि छत्तीस वर्षांची. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्या लावतात, एकमेकांना गुडघ्यांचे एक्स-रे दाखवतात. यांना हे सुचलं. गावाबाहेर खाडीच्या तोंडाशी बोटींचं आवार आहे, तिथे ती लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. काल मला दाखवायला नेलं. आत शिरले तर ओल्या गोणपाटाचा वास. उशीखाली चक्क अळंबी उगवली होती. हे मात्र नव्या नवरीकडे बघावं तसे तिच्याकडे बघत होते.

बेत असा आहे: मे महिन्यापर्यंत बोट ठाकठीक करायची आणि मग दोन वर्षं किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरं करत हिंडायचं. मी म्हटलं, मला लिफ्टमध्येसुद्धा पोटात ढवळतं आणि पोहता तर मुळीच येत नाही. तर म्हणाले, "मग तू राहा. मी एकटा जाईन." सदतीस वर्षांत हा माणूस केस कापायलाही मला सांगितल्याशिवाय गेलेला नाही. रागाने म्हणाले असते तर मी मनावर घेतलं नसतं. पण पेन्सिलीला टोक करता करता शांतपणे म्हणाले, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षं खिडकीत बसून हा माणूस तरंगतोय की बुडालाय याची वाट बघणं मला जमणार नाही.

तुम्ही तीस वर्षं डोलकाठ्या उभ्या करताय. बोटीच्या बाबतीत तुमचा शब्द यांना शेवटचा. तेव्हा यांना कामांची अशी एक यादी पाठवा की बघूनच घाम फुटावा. "जाऊ नकोस" म्हणालात तर हट्टाला पेटतील. यादीच हवी.

मी सांगितल्याचं कळता कामा नये.

तुमची वहिनी


२० नोव्हेंबर

वहिनी,

पत्र फाडलं नाही. दादाविरुद्ध कट करायची संधी मला चौदाव्या वर्षापासून हवी होती, ती आत्ता सत्तावन्नाव्या वर्षी मिळाली. तुम्ही घरात आलात तेव्हा मी वीस वर्षांचं पोरगं होतो आणि तुम्ही मला "भाऊजी" म्हणून हाक मारायचात. तेव्हाच ठरवलं होतं की ही बाई काही मागेल तेव्हा नाही म्हणायचं नाही.

यादी आजच दादाच्या नावाने वेगळ्या पाकिटात टाकली आहे. एक्केचाळीस कामं आहेत. साधारण सोप्यापासून सुरुवात करतात, मी सगळ्यात वाईट वर घेतली. पहिलं काम, तळ हाताने खरवडायचा, आतलं फायबर दिसेपर्यंत. दुसरं, तळातल्या सातही तोट्या बदलायच्या. तिसरं, इंजिनखालचा खड्डा उपसून धुवायचा, आणि त्या खड्ड्यात छत्तीस वर्षांत काय साचलं असेल ते मी तुम्हाला जेवणाच्या आधी सांगत नाही. चौथं, डोलकाठी उतरवून एकूण एक तार नवी. त्यापुढे नांगर, बॅटऱ्या, सोलर पॅनेल, शिडांची डागडुजी, वगैरे वगैरे.

दादाला मी ओळखतो. तो पहिल्या कामाचा उत्तम आराखडा काढेल, तीन रंगांत. दुसऱ्याचाही काढेल. आयुष्यभर पाणीपुरवठ्याचे आराखडेच काढले त्याने, नळ कधी जोडला नाही. चौथ्या कामाला तो हात टेकेल, हे मी लिहून देतो.

आणि खरं सांगू? मलाही त्याने जायला नको आहे.

तुमचा दीर


१४ जानेवारी

प्रिय भाऊजी,

तुमचं ते लिहून दिलेलं जपून ठेवलंय. यांचं दहावं काम चालू आहे.

कसं म्हणून विचारू नका, मला काय कळतं त्यातलं. मी आपली दुपारी डबा घेऊन जाते आणि डबा घेऊन येते. पण हे नेटाने लागलेत. तळ खरवडून झाला, बावीस दिवस लागले. तोट्या बदलून झाल्या. बोटीच्या तळाला सात भोकं असतात आणि ती माणसांनी मुद्दाम पाडलेली असतात, हे ऐकून मी दोन दिवस यांच्याशी नीट बोलले नव्हते. आता मात्र त्या पितळी तोट्या अशा छान फिरतात की कुणालाही फिरवून बघाव्याशा वाटतील. म्हणजे यांना वाटतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत, यांच्या वतीने. तोटीच्या नळीला दोन पट्टे लावायचे तर दोघांचे स्क्रू एका बाजूला ठेवायचे की समोरासमोर? आणि इंजिनाच्या मागच्या कप्प्यात हात कोपरापर्यंतच जातो, तिथला नट कशाने पकडायचा?

अकरावं काम शिडांचं. मोठ्या शिडाची फाटलेली कड यांनी शिवून बघितली. त्याच जुन्या कापडाच्या तुकड्यावर नमुना शिवून सोबत पाठवलाय. पास की नापास ते कळवा.

यांची पाठ जरा दुखते आहे. बाकी ठीक.

तुमची वहिनी


२३ जानेवारी

वहिनी,

स्क्रू समोरासमोर. नट पकडायला पान्याच्या टोकाला थोडं ग्रीस लावा, नट चिकटून राहतो.

आता नमुन्याबद्दल. हा तुकडा मी दुकानात सगळ्यांना दाखवला. माझ्याकडे वीस वर्षं शिडं शिवणारी बाई आहे, तिने भिंग लावून बघितला आणि विचारलं, "हे कुणी शिवलंय? त्याला आपल्याकडे बोलवा." टाके सगळे एका मापाचे, अंतर सारखं, कापड कुठेही गोळा झालेलं नाही. पण प्रत्येक टाक्याच्या शेवटी जी गाठ आहे ती शिडवाल्यांची नाही. ती गाठ ऑपरेशन थिएटरमध्ये मारतात.

माझ्या दादाने आजवर शर्टाचं एक बटण लावलेलं नाही. आणि माझ्या वहिनीने चौतीस वर्षं सर्जनच्या शेजारी उभं राहून टाके बघितले आहेत आणि, मला वाटतं, सर्जन थकले की घातलेही आहेत.

काय चाललंय तिथे? मी यादी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहिली नव्हती. असो. अजून सतरावं काम यायचंय. तिथे तुम्ही थांबाल. तिथे भलेभले थांबतात.

नमुना पास आहे. चिडून पास केलाय.

तुमचा दीर


८ मार्च

प्रिय भाऊजी,

पकडलंत. आता सगळं सांगते.

तळ खरवडायच्या तिसऱ्या दिवशी यांची पाठ धरली. खाली वाकले ते वाकलेच. आवारातल्या क्रेनवाल्याने आणि मी दोन्हीकडून धरून घरी आणलं. झोपल्या झोपल्या म्हणाले, "आता सगळं राहिलं." मला आनंद व्हायला हवा होता, आपला कट फळाला आला होता. पण यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, खरवडणी तिथेच पडली आहे, ती तरी उचलून आणते. गेले. आणि उभीच आहे तर जरा हात मारून बघू म्हटलं. संध्याकाळपर्यंत हातभर पट्टा साफ झाला होता आणि मी घरचा दिवा लावायचा विसरले होते.

तुमची चूक कुठे झाली सांगू? यादी माझ्या हाती पडू दिलीत. कुणाला यादी बघून धडकी भरत असेल, माझं उलटं आहे. चौतीस वर्षं मी यादी हातात घेऊन उभी राहिले. यादीशी वाद घालायचा नसतो. पहिली ओळ करायची, खूण करायची, दुसरीकडे जायचं. निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून मला कुणी यादी दिली नव्हती, भाऊजी. कपाटं आवरून आवरून मी कंटाळले होते.

आता आमची पद्धत अशी: हे स्टुलावर बसून आराखडा काढतात, कुठली तार किती लांब, कुठलं भोक किती मिलिमीटर. आराखडे अगदी नेमके असतात हं, त्यांना हसू नका. मी बारीक आहे, म्हणून कप्प्यांत मी शिरते. आणि थिएटरचा नियम तिथेही: उघडण्याआधी हत्यारं मोजायची, मिटण्याआधी पुन्हा मोजायची. मागच्या आठवड्यात इंजिनावरची फळी बावीस स्क्रूंनी बसवून झाली आणि मोजणीत तेरा नंबरचा पाना कमी आला. हे म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, पोटात हत्यार ठेवून मी आजवर एकही पेशंट बाहेर सोडलेला नाही. बावीसही स्क्रू काढले, इंजिनाखाली आडवं पडून शोधलं. पाना यांच्या मागच्या खिशात होता. सबंध वेळ हे त्यावर बसले होते आणि "हे स्टूल टोचतंय" म्हणून कुरकुरत होते.

आता तुमचं सतरावं. डोलकाठीच्या तारा बोटीच्या अंगाला ज्या पोलादी पट्ट्यांनी धरलेल्या असतात, त्या सहाही काढून तपासणे. आवाराचा मालक म्हणाला, "वरून चकचकीत आहेत, कशाला त्यांच्या नादी लागता?" मी म्हटलं, यादीत आहे. आठ दिवस लागले. सहांपैकी दोन पट्ट्यांना, जिथे त्या डेकमधून खाली जातात आणि कुणाला दिसत नाहीत तिथे, केसाएवढ्या भेगा होत्या. मालकाने एक पट्टी उचलून हाताने वाकवली आणि तिचा तुकडा पडला. सहाही नव्या करून घेतल्या.

आणि आता खरी गोष्ट. मला जायचंय. डोक्यावर पडल्यासारखं वाटेल तुम्हाला, पण मला जायचंय. ज्या बोटीचा एकेक नट मी ओळखते ती ठोकळ्यांवर ठेवून घरी बसू? भीती वाटतेच. म्हणून पोहायला शिकतेय. शिकवणारी वीस-बावीस वर्षांची पोर आहे आणि मला "आजी, पाय!" म्हणून ओरडते.

कट रद्द समजा. अठराव्या कामाला नांगराची साखळी किती जाड घ्यायची?

तुमची वहिनी


२ एप्रिल

प्रिय धाकट्या,

हे पत्र वहिनीला दाखवायचं नाही आणि त्याचा विषयही काढायचा नाही.

तू पाठवलेल्या यादीतली छत्तीस कामं झाली आहेत. खरं सांगायचं तर झाली नसती तर बरं झालं असतं, असं मला हल्ली वाटतं.

"एकटा जाईन" असं मी म्हणालो होतो. तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की ती जाऊ देणार नाही. निवृत्त झाल्यावर टेबलावर कोरे कागद पडून होते, मला काहीतरी आखायला हवं होतं. एक मोठा बेत आखायचा, दोन वर्षं त्यावर भांडायचं, बोट आवारात उभी आणि रविवारी आम्ही तिच्यात बसून चहा पितोय, असं माझ्या डोळ्यांसमोर चित्र होतं. तुझी यादी आली तेव्हा मनात म्हटलं, वा, दहा वर्षांची निश्चिंती झाली.

पण तुझी वहिनी!

परवा मी तिला न सांगता पोहण्याच्या तलावावर गेलो. काचेतून बघितलं. एक हात कडेला, डोळे घट्ट मिटलेले, ओठ निळे. शिकवणारी मुलगी म्हणत होती "सोडा हात," आणि ती मान हलवत होती. मग सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, खोकली, आणि पुन्हा सोडला. घरी येऊन मला काय सांगितलं, तर "आज मजा आली."

माझ्या एका वाक्यापायी ही बाई बासष्टाव्या वर्षी पाण्यात उतरली. तिला काही झालं तर मी जगू कसा? तिला थांबवायला गेलो तर म्हणते, "घाबरलात का?"

तू ये. बोट तपास आणि सांग की लांब जाण्याच्या लायकीची नाही. जुन्या बोटीत काहीतरी सापडतंच. तुझा शब्द ती मानेल. एवढं माझ्यासाठी कर.

दादा


२९ एप्रिल

दादा, वहिनी,

हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचायचं. वहिनींनी मोठ्याने वाचावं आणि दादाने मध्ये बोलू नये.

तुमच्याकडे चार दिवस राहिलो, जेवलो, बोट तपासली आणि तोंडावर काही न बोलता निघून आलो. समोर बसून बोलायचा धीर झाला नाही म्हणून लिहितो.

वहिनींनी नोव्हेंबरात मला लिहिलं की दादाला थांबवा. दादाने एप्रिलमध्ये लिहिलं की वहिनीला थांबव. दोघांनीही बजावलं की दुसऱ्याला कळता कामा नये. सदतीस वर्षं एका दिव्याखाली जेवणारी तुम्ही माणसं, आणि एकमेकांना "मला तुझी काळजी वाटते" हे सांगायला गाडीने एक दिवसाच्या अंतरावरचा दीर लागतो! आता बसा एकमेकांकडे बघत.

बोटीचं सांगतो. मी खोट शोधायलाच आलो होतो. दोन दिवस डोलकाठीच्या टोकापासून सुकाणूच्या बुडापर्यंत शोधली. हातोडीने तळाचा वीतवीत भाग वाजवून बघितला. तारा, तोट्या, बॅटऱ्यांच्या जोडण्या, नांगराची साखळी, सगळं. कप्प्यांच्या दारांवर आतल्या बाजूने वहिनींच्या अक्षरात "उघडताना" आणि "मिटताना" असे दोन रकाने बघितले. दादाच्या आराखड्यावर माप लावलं, तर एकही तार बोटाएवढीदेखील इकडेतिकडे नव्हती.

आणि एक कबुली. सतरावं काम खोटं होतं. वरून ठीक दिसणाऱ्या पट्ट्या कुणी काढून बघत नाही, मीही बघितल्या नसत्या. यादी लांबावी म्हणून ते घातलं होतं. वहिनींनी ते टाळलं असतं, तर पहिल्याच मोठ्या वाऱ्यात डोलकाठी तुमच्या डोक्यावर आली असती. परतीच्या गाडीत मी दुसरा कसलाच विचार केला नाही.

बोट जाण्याच्या लायकीची आहे. माझ्या हातून गेलेल्या बोटींत इतकी नीट तयार केलेली मला आठवत नाही. तीस वर्षांत मी खोटा शेरा दिलेला नाही आणि या वेळी द्यायची फार इच्छा होती तरी देणार नाही. मला तुम्ही जायला नको आहात, कारण तुमच्याशिवाय माझं कुणी नाही. हे कारण बोटीच्या तपासणीत लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो.

माझा सल्ला एवढाच. आधी पाच दिवस जाऊन बघा. दोन दिवस जायचे, दुसऱ्या बंदरात एक दिवस थांबायचं, दोन दिवस यायचे. जमलं नाही तर बोट आवारात ठेवा आणि रविवारी तिच्यात बसून चहा प्या. कुणी हसणार नाही. मी तर मुळीच नाही.

तुमचा धाकटा


३ जून

प्रिय भाऊजी,

हे पत्र दुसऱ्या बंदरातून लिहितेय, धक्क्याला बांधलेल्या बोटीतल्या टेबलावर. अक्षर वाकडं आलं तर शेजारून मासेवाल्यांची लाँच गेली असं समजा.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. हे मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "तलावाची काच बाहेरून पुसायला हवी, नीट दिसत नाही." त्यावर आधी मी हसले, मग हेही, आणि मग मला रडू आलं. इतकी वर्षं आजारी माणसांच्या घरच्यांना धीर दिला, पण माझ्यासाठी कुणी काचेबाहेर उभं राहिलंय हे पहिल्यांदाच कळलं.

उरलेली पाच कामं करून आम्ही परवा निघालो. पहिल्या दिवशी दोघांनीही पोट धरलं. बादली एकच होती, आळीपाळीने वापरली. काल दुपारी वारा वाढला. बोट अशी कलली की स्वयंपाकाच्या कट्ट्यावरचं भांडं समोरच्या बाकावर जाऊन बसलं. मला वाटलं, संपलं. सुकाणू माझ्या हातात होतं, कारण ते हातात असलं की मला कमी मळमळतं. हे शेजारी बसून माझ्या जाकिटाची कॉलर धरून होते. पट्ट्याने मला बोटीला बांधलेलं असताना! चार तास यांनी कॉलर सोडली नाही. डोलकाठीच्या तारा वाऱ्याने गुणगुणत होत्या. मी एकेक पट्टी मनात मोजत होते, सहाच्या सहा. मग हळूहळू लक्षात आलं की बोटीला आमच्यासारखी भीती वाटत नाहीये. ती तिचं काम करत होती. मी यांना म्हटलं, "बघा हो, चाललीय." तर हे म्हणाले, "मी डोळे मिटलेत. तू बघ."

आज थांबायचा दिवस. ठरल्याप्रमाणे उद्या सकाळी परत फिरायचं. काल रात्री जेवताना आणि आज सकाळी चहा घेताना दोघांनीही तो विषय काढला नाही. मी ठरवलं होतं की यांना काही विचारायचं नाही. यांनी "चल घरी" म्हटलं असतं तर मी हूं की चूं न करता आले असते, अगदी खरं सांगते. यांना ओढून न्यायचं नव्हतं मला.

दुपारी हे पाणी भरायला निघाले. बोटीत पाण्याच्या दोन टाक्या आहेत. परतीच्या दोन दिवसांना एक अर्धी टाकीसुद्धा पुष्कळ झाली. नळ धक्क्याच्या टोकाला. हे दोन कॅन घेऊन जायचे, भरून आणायचे, मी नरसाळं धरायचं. पाठीला जपून सावकाश खेपा चालल्या होत्या. पहिली टाकी काठोकाठ भरली. मी झाकण लावलं, फडक्याने पुसलं आणि नरसाळं आत ठेवायला उठले.

हे तोवर पुन्हा नळाच्या वाटेला लागले होते, दोन्ही रिकामे कॅन घेऊन. मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "दुसरीचं झाकण काढून ठेव गं."

मी काढून ठेवलं. आत ठेवायला उचललेलं नरसाळं पुन्हा त्यात बसवलं. भाऊजी, इतका आनंद मला ठाऊकच नव्हता.

खाली चौथ्या बंदरातल्या टपालघराचा पत्ता लिहिलाय. तिथे आम्ही वीस तारखेपर्यंत पोहोचतो, असं यांच्या आराखड्यात आहे.

तुमची वहिनी